दोन्ही हात एकदम

“दोन्ही हात एकदम! आरं एकदम मार की, बैला! एक-एक काय मारतोयस, भाकरी थापतोयस व्हय?”

हे तू ओरडत होतास, दस्तगीर, आणि मी तुझ्या फौंड्रीच्या शेडमध्ये जड साचे उचलायच्या चेन ब्लॉकला लटकलो होतो. छातीखाली एक पट्टा, मांड्यांखाली दुसरा, अंगावर नुसती पोहायची चड्डी, दोन्ही हातांना सुतळीनं बांधलेली प्लायवुडची वल्ही आणि नाकाखाली हातभर अंतरावर पसरलेली मऊ वाळू. साप्ताहिक सुट्टी होती म्हणून निभावलं, नाहीतर अख्खी शिरोली एमआयडीसी भट्ट्या बंद करून बघायला आली असती. साखळी अशी कुरकुरत होती की तिकडं उचगावात कुत्री भुंकायला लागली. तू म्हणशील, शिरोलीचा आवाज उचगावात जातोय व्हय? जातो. मी लटकल्यावर जातो.

तुझं जन्मगाव, शिक्षण, मागं कोण कोण आहे, हे सगळं पेपरातल्या निधनवार्तेत येऊन गेलं. फोटोही असा छापलाय की हा माणूस जन्मात कुणावर ओरडला नसेल. म्हणून म्हटलं, आपण ओरडण्यापासूनच सुरुवात करू. तुला ओळखणाऱ्यांना खात्री तरी पटेल की हे तुझ्याबद्दलच चाललंय.

आपली दोस्ती शाळेपासूनची. तू फौंड्री टाकलीस, मी उचगावात हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि तुला साखळ्या-पट्टे पुरवायला लागलो. पण दोस्ती टिकली एका प्रश्नावर. मी काहीतरी सांगायचं आणि तू विचारायचं, “माग कुठाय?” रंकाळ्यात मी टेम्पोएवढं कासव बघितलं. “माग कुठाय?” गगनबावड्याच्या घाटात वाघानं माझ्या मोटारसायकलीला वाट दिली, वर मान हलवून रामराम पण केला. “माग कुठाय?” मी म्हणालो, “आरं, गगनबावड्याचा पाऊस त्यो! तिथं माणूस वाहून जातंय, माग कुठला राहतोय?” तू चहाच्या गाड्यावर शांतपणे बिडी विझवलीस आणि म्हणालास, “म्हणूनच तुझं समदं गगनबावड्यात घडतंय.”

त्या दिवसापासून मी गोष्टींचं ठिकाण बदललं. तरी उपयोग झाला नाही.

एकाच गोष्टीचा माग तू कधी मागितला नाहीस. अलीकडं तुझ्या घरी चहाला बसलो की मुमताज भाभी मला काठोकाठ भरलेला कप द्यायच्या आणि तुला अर्धा. तू कुरकुरायचास, “माझ्याच घरात मला अर्धा, आन् ह्या लबाडाला काठोकाठ!” मी ही गोष्ट गावभर केली. भाभींच्या लेखी भावाचा मान नवऱ्याच्या वर आहे, विश्वास नसेल तर जाऊन कप बघा, असं सांगत सुटलो.  पुरावा तुझ्याच समोर ठेवलेला असायचा.

आणि मग एक दिवस माग तूच पाठवलास. मी दुकानात खिळे तोलत होतो आणि मोबाईलवर फोटो आला. करडा दगड, त्यावर खाचा. दोन शेजारी शेजारी, पुढं थोडी जागा सोडून पुन्हा दोन, पुन्हा दोन. कुणीतरी विळ्याचं पातं जोडीनं रोवत गेल्यासारखं. खाली तुझा प्रश्न, “ह्यो माग कुणाचा, सांग.” मी लिहिलं, “कुळवाचा.” तू लिहिलंस, “समुद्राच्या तळाचा दगड हाय.” मी लिहिलं, “मग समुद्रात कुळवणी झाली असंल.” तू फोन करून शिव्या घातल्यास. गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून मी त्या सगळ्या शिव्यांना “व्हय साहेब, पाठवतो साहेब” म्हणत राहिलो.

संध्याकाळी गाड्यावर तू मला नोथोसॉर समजावून सांगितलास. वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. लांब मान, सुईसारखे दात, हातापायांची वल्ही व्हायला लागलेली. चित्र बघून मी म्हणालो, “हे सुसरीचं आन् बदकाचं पोरगं दिसतंय, घरच्यांच्या मर्जीबाहेर लगीन झालेलं.” तू हसला नाहीस. तुला त्या खाचांनी धरलं होतं. हाडं मिळाली की जनावर कसं दिसत होतं ते कळतं, पण ते पाण्यात हात कसा मारत होतं हे हाडं छातीठोक सांगत नाहीत. पाण्यात कुणाचा माग राहत नाही. मग चीनमधल्या कुठल्याशा डोंगरात हा दगड निघाला. एकेकाळचा समुद्राचा चिखल, आणि त्यात त्या जनावरानं पोहता पोहता हात टेकवलेला.

“पवताना?” मी म्हणालो. “आरं, चालत गेलं असंल की. आपली म्हैस पंचगंगेत शिरती तशी. तळावरनं, डुलत डुलत.”

“मग पोट कुठं घासलंय? शेपटी कुठं वढलीया? मागल्या पायाचा माग कुठाय?”

खरंच नव्हता. नुसत्या हातांच्या खाचा. तू बिडीचं थोटूक घेऊन टेबलावरच्या सांडलेल्या चहात दाखवलंस. चालणारं जनावर एक पाऊल पुढं, एक मागं टाकतं, म्हणून डावा-उजवा माग आलटून पालटून पडतो. इथं डावी खाच आणि उजवी खाच एका रेषेत, जुळ्या भावांसारखी. म्हणजे अंग पाण्यात वर तरंगत होतं आणि हात दोन्ही एकदम पडत होते, नाव वल्हवावी तसे. प्रत्येक खाचेच्या मागच्या अंगाला चिखलाचा छोटा ढीग. “ढीग मागं, म्हंजे जनावर पुढं.” चहात तूही एक ढीग करून दाखवायला गेलास आणि माझी विजार भिजली.

मी हार मानणारा नाही. दुसऱ्या दिवशी नदीवरून कासवाची साक्ष आणली. डोळ्यांनी बघून आलो, पंचगंगेतलं कासव एक हात, मग दुसरा हात, असंच पोहतं. तू म्हणालास, “ते नदीचं. समुद्रातलं कासव दोन्ही पंखं एकदम मारतंय. घाटाखाली उतरून बघून ये.” आता समुद्राच्या कासवाला विचारायला मी कोकणात कुठं जाऊ? गेलो असतो तरी वाटेत गगनबावडा लागतो. तू विश्वास ठेवला नसतास.

पण तळाला हात टेकवत पोहायचंच कशाला, हे मला कळेना. एवढा मोठा समुद्र वर मोकळा पडलाय! तेव्हा तू मला आपला ओढा आठवून दिलास. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आपण डबक्यात उतरायचो आणि पायांनी तळ ढवळायचो. चिखल उठला की दडून बसलेले मासे वर यायचे आणि तू टोपली घालायचास. “तेच करत हुतं ते,” तू म्हणालास. “हातानं चिखल उडवायचा, आत दडलेलं झिंगं-मासं भायेर आलं की दातात धरायचं. शास्त्रज्ञांचा बी असाच अंदाज हाय.” मग माझ्याकडं बघून म्हणालास, “तुझं बी असंच हाय. पाणी गढूळ करायचं आन् गावतंय का बघायचं.”

ते मला आवडलं. पंचवीस कोटी वर्षांची परंपरा आहे म्हणजे आपल्याला.

भांडण मिटेना म्हणून तुझ्या डोक्यात तो चेन ब्लॉक आला. तुझ्या धंद्यात पोकळीला किंमत. लाकडाचा पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि तो गेल्यावर उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. आयुष्यभर तू गेलेल्या वस्तूंच्या जागा सांभाळत होतास. त्यामुळं चिखलातल्या खाचा बघून तुझे हात शिवशिवणारच. आपणच जनावर व्हायचं, तू ठरवलंस. वाळू म्हणजे तळ, साखळी म्हणजे पाणी. अंग अधांतरी राहील आणि हातच तेवढे टेकतील. साखळी जिला टांगलीय ती वरच्या रुळावरची ट्रॉली मोकळी सोडायची आणि हात मारून पुढं सरकायचं. वाळू तू सिलिकेट घातलेली घेतलीस. ही वाळू मळलेल्या कणकेसारखी मऊ राहते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइडचा गॅस सोडला की बघता बघता दगड होते. समुद्राला जे करायला कोट्यवधी वर्षं लागली ते शिरोलीत चहा थंड व्हायच्या आत होतं, असं तू छाती फुगवून म्हणालास. बाता मारायला तू माझ्याकडूनच शिकलास, हे तुला आता नाकारता यायचं नाही.

जनावर कोण होणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. तू माझ्या पोटाकडं बघितलंस.

वाळूला काही लावायच्या आधी भुकटी मारायची, म्हणजे ती चिकटत नाही, ही मोल्डिंगवाल्यांची सवय. तू माझ्या वल्ह्यांना भुकटी मारलीस. मग सवयीनं माझ्या हातांना मारलीस, पोटाला मारलीस, शेवटी तोंडालाही मारलीस. मी शिंकलो आणि नोथोसॉर झोके घ्यायला लागला. “जनावर शिंकत न्हाय!” तू ओरडलास. “माग दाखव!” मी वरून ओरडलो. त्या दिवशी पहिल्यांदा तो प्रश्न माझा होता.

आधी मी माझ्या मताप्रमाणं एक-एक हात मारला. डावा मारला की अंग उजवीकडं, उजवा मारला की डावीकडं. देवळातल्या घंटेचा लोलक झालो आणि जागचा हललो नाही. मग तुझ्या शिव्या खात दोन्ही हात एकदम मारले आणि, देवाशपथ सांगतो, ट्रॉली सरकली. अंग सरळ पुढं गेलं. पुन्हा मारले, पुन्हा सरकलो. मान वाकवून मागं बघतो तर वाळूत जोडी, जोडी, जोडी, आणि प्रत्येकीच्या मागं छोटा ढीग. हुबेहूब फोटोतला दगड. तू शेडभर नाचलास. माझं पोट, माझी शेपटी, माझे मागचे पाय, कशाचाच माग नाही. आहे ते फक्त हातांचं ढकलणं. एवढ्या मोठ्या देहातलं तेवढंच उरलं होतं.

मी हरलो होतो. पण सहज हरेन तर तो मी कसला! म्हणालो, “ह्यो रूळ सरळ हाय. दगडावरचा माग वळलाय. रुळावर टांगलेलं जनावर वळणार कसं? आन् माझ्या वजनानं सरळ जातंय. हलक्या माणसाला टांग.” तू म्हणालास, “मला टांग मग.”

तुला पट्ट्यात चढवायला कष्ट पडले नाहीत. सुकलेलाच होतास. वाळू सपाट केली, वल्ही बांधली आणि आता ओरडायची पाळी माझी होती. “दोन्ही हात एकदम!” तू मारलेस. ट्रॉली सरकली आणि तू उजवीकडं वळलास. पुन्हा मारलेस, आणखी वळलास. मी टाळी वाजवली. “वळलं की रं जनावर! असं वळतंय व्हय! एका हातानं जोर कमी करायचा! दस्तगीर, हे कळवाय पायजे कुणालातरी!” खरंच, किती सोपं होतं. डाव्या हाताची खाच खोल, उजवीची उथळ, म्हणजे जनावर उजवीकडं निघालं. खाचांची खोली मोजली तर ते कुठं वळलं, कशामागं वळलं, सगळं वाचता येईल, असं मी बडबडत होतो.

“सरळ मार आता,” मी म्हणालो.

“सरळच मारतोय,” तू म्हणालास.

साखळी थांबली. मी वाळूकडं बघितलं. डाव्या खाचा बोटभर खोल, मागं भरगच्च ढीग. उजवीकडं नुसते ओरखडे, कोंबडीनं उकरल्यासारखे. तू कंबर धरल्याचं सांगून भट्टीवरचा, वितळलेलं लोखंड ओतायचा लॅडल धरणं सोडलं होतंस, हात मिळवायच्या ऐवजी खांद्यावर थाप मारायला लागला होतास, ते सगळं त्या वाळूत ओळीनं लिहिलेलं होतं. तू लटकूनच माझ्याकडं बघत होतास. तुला कळलं होतं की मला कळलंय.

“खाली उतरीव.”

उतरवलं. तू वल्ही सोडायला लागलास आणि उजव्या हातानं सुतळीची गाठ सुटेना. मी सोडली.

“डॉक्टरला दावलंय?”

“दावलंय. गोळ्या चालू हायत. बोलू नको कुठं. तुझ्या भाभीला तर न्हाईच न्हाई. तिला कळलं तर भट्टीकडं फिरकू द्यायची न्हाय मला. घरात बसवंल टीव्हीसमोर, आन् मी तिथंच मरीन.” मग तुझ्या त्या वाकड्या हसण्यानं म्हणालास, “तसा तुझ्यावर इश्वास कोण ठेवतंय म्हणा. तरी बी नको.”

मी शपथ घेतली. तू हात-पाय धुवायला नळावर गेलास आणि जाता जाता म्हणालास, “ते सपाट करून टाक.”

नाही केलं सपाट. गॅसची नळी उचलली आणि तुझ्या मागात सोडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं एक गोष्ट होती जिचा माग होता, आणि ती मी फावड्यानं मोडू? वाळू कडक झाली तशी एक जोडी जपून फोडून घेतली, पोत्यात बांधली आणि दुकानात पाइपांच्या मागं लपवली. बाकीची मोडली. तू परत आलास तेव्हा मी फावडं घेऊन घाम पुसत उभा होतो, जगातला सर्वात आज्ञाधारक माणूस.

त्यानंतर मी गप्प राहिलो. तुला माहीत आहे माझ्यासाठी हे काय आहे. कट्ट्यावर बसून मी वाघाच्या, कासवाच्या, सुसर-बदकाच्या लग्नाच्या गोष्टी सांगितल्या आणि खरी गोष्ट पाइपांच्या मागं पडून राहिली. गोष्ट पोटात राहिल्यानं माझं वजन वाढलं, हे डॉक्टरलाही पटलं नाही, पण तसंच आहे.

आपलं भांडण मात्र चालू राहिलं, ते बरं झालं. मागचे पाय काय करत होते? मी म्हणायचो, सुकाणू. तू म्हणायचास, “दगड सांगत न्हाय, मी बी सांगत न्हाय.” मी म्हणायचो, लेका, थोडी कल्पना कर. तू म्हणायचास, ते काम तुझं. एकदा मी विचारलं की माग मध्येच का संपतो? दगडावर जोड्या जोड्या चालत येतात आणि पुढं काही नाही. कुणी खाल्लं का त्याला? मी तर त्याला एका मोठ्या मगरमाशाच्या तोंडात घालून मोकळाही झालो होतो. तू बराच वेळ फोटो बघितलास. म्हणालास, “माग संपला म्हंजे जनावर संपलं, असं कुठं हाय? हात टेकायचं थांबलं, येवढंच. वर गेलं असंल पाण्यात.”

शेवटी तुझ्या हातानं नाही, छातीनं दगा दिला. भाभी भट्टीवर पाऊल ठेवू देणार नाहीत म्हणून घाबरत होतास आणि भट्टीवरच बसल्या जागी गेलास. कब्रस्तानात माती द्यायला सगळ्यांच्या मागं उभा होतो मी. पाळी आली तेव्हा वाकलो आणि दोन्ही मुठी एकदम घातल्या. मागं कुणी ओरडलं नाही. मी तसाच थोडा वाकून राहिलो, कुणी ओरडतंय का म्हणून.

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय. पण मला राहवेना. शपथ तुझ्या जिवंतपणीची होती, असं मी स्वतःला पटवलं. पटवण्यात मी हुशार आहेच. खरं कारण वेगळं होतं. भाभींना कुणीतरी म्हणालं होतं की ठणठणीत माणूस असा कसा गेला, आणि त्या नुसत्या मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना माहीतच नाही. आपल्या माणसाचं एवढं मोठं दुखणं आपल्याला दिसलं नाही, असं त्यांना उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? त्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. आणि माझ्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून माग हवा.

काल पोतं घेऊन गेलो. पितळी ताटात ठेवल्यासारखा तो तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. चेन ब्लॉक, चड्डी, भुकटी, तुझ्या शिव्या, नोथोसॉर. दर वाक्याला वाटत होतं की ही आपली सगळ्यात मोठी थाप वाटत असणार. एक शब्द वाढवला नाही मी, दस्तगीर. उचगावातली कुत्रीसुद्धा गाळली.

भाभींनी डाव्या खाचेत बोट घातलं, ते मुळापर्यंत आत गेलं. मग उजव्या ओरखड्यावरून नुसतं फिरवलं, परत फिरवलं. आत जाऊन चहा टाकला. बाहेर आल्या, माझ्यासमोर कप ठेवला, काठोकाठ.

“तुम्हांस्नी सांगू नको म्हणला हुता,” मी म्हणालो. “पण तुम्हांला कळाय पायजे हुतं, भाभी.”

त्यांनी पदरानं तुकड्यावरची धूळ पुसली.

“मला ठाऊक हुतं, भाऊजी. त्यांचा कप मी उगंच अर्धा भरत न्हवते.”